केळीच्या खोलीतली बहुपदी

नानांनी क्रेटमधून एक फणी उचलली, माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "देठ बघ."

देठ सुकला होता. साल पिवळी झाली होती, पण तिच्यावर तजेला नव्हता. भरताना जिथे बोट लागलं असेल तिथे काळपट डाग उठला होता. आणि खोलीबाहेर मी बसवलेल्या पॅनेलवर आकडा होता ८८ टक्के आर्द्रता.

"तुझं यंत्र पाणी आहे म्हणून राहिलं, अन् केळी नाही म्हणून राहिली. मी कोणाचं ऐकू?"

मी जळगावला एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवतो. यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा आहे, वायरिंग आणि प्रोग्रॅमिंग कामावर शिकलो. नाना माझ्या वडिलांचे जुने स्नेही. सावद्याजवळ त्यांची केळी पिकवण्याची खोली आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळी हा घरचाच विषय आहे. केळी १३ अंशांच्या खाली गेली तर सालीला थंडी बाधते. पिकवताना साधारण १६ ते १८ अंश, सुरुवातीला इथिलीन हा फळ पिकवणारा वायू आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के लागते. बाहेर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि कोरडी हवा, आत ही नाजूक खोली. आर्द्रता कमी पडली की केळी वजनात घटते आणि सालीवरचा प्रत्येक ओरखडा दिसायला लागतो. व्यापारी दोन्ही गोष्टी एका नजरेत हेरतो.

आर्द्रतेचे तयार सेन्सर मी आधी लावून पाहिले होते. ९० टक्क्यांच्या वर ते महिनोन्‌महिने राहिले की हळूहळू खोटं बोलायला लागतात. म्हणून जुनी, खात्रीची पद्धत घेतली: दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओल्या सुती वातीत गुंडाळलेला, दोन्हींवरून पंख्याची जोरदार हवा. ओल्या वातीतलं पाणी उडतं, तो तापमापक थंड पडतो. किती थंड पडला यावरून हवेत वाफ किती हे काढता येतं. ओल्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब घ्यायचा, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल तेवढ्या वाफेचा दाब. त्यातून ०.०००६६२ गुणिले हवेचा दाब गुणिले दोन तापमानांतला फरक, एवढं वजा करायचं. जे उरलं त्याला कोरड्या तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबाने भागायचं. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटरवर आहे, म्हणून हवेचा दाब मी ९८.९ किलोपास्कल धरला.

आता यात संपृक्त बाष्पदाब दोनदा लागतो, आणि तो असतो वाफेच्या कोष्टकात, छापील. कंट्रोलरला कोष्टक पाठ नसतं. त्याला एक सूत्र द्यावं लागतं की तापमान घाल आणि दाब काढ. माझी चूक त्या सूत्रात होती.

मी काय केलं होतं ते नीट सांगतो, कारण ही चूक करणारा मी एकटा नाही. वाफेच्या कोष्टकातून ० ते १०० अंशांपर्यंत दर १० अंशांना एक, असे ११ दाब घेतले. ० ला ०.६११ किलोपास्कल, १० ला १.२२८, २० ला २.३३९, असं करत १०० ला १०१.४२. स्प्रेडशीटमध्ये आलेख काढला, बिंदूंना जुळणारी ट्रेंडलाइन टाकली, त्रिघाती बहुपदी (तापमानाच्या घनापर्यंतची पदं असलेलं सूत्र) निवडली आणि 'समीकरण दाखवा' वर टिचकी मारली. समीकरण आलं. त्रिघाती पदाचा सहगुणक ०.०००२, वर्गपदाचा उणे ०.००८५, पहिल्या पदाचा ०.२६०२, स्थिरांक उणे ०.०५२१. तसेच्या तसे आकडे प्रोग्रॅममध्ये उतरवले.

तपासायला १०० घातले, कारण पाणी किती दाबाला उकळतं हे तोंडपाठ असतं. उत्तर आलं १४१. यायला हवं होतं १०१.

तेव्हा पहिला धडा मिळाला आणि मला वाटलं एवढाच होता. आलेखावर छापलेला आकडा माणसाला वाचायला असतो, गणिताला नाही. तो ०.०००२ खरं तर ०.०००१५९९ होता. कागदावर फरक क्षुल्लक दिसतो, पण १०० चा घन १० लाख. चौथ्या दशांश स्थळापर्यंतच्या त्या पूर्णांकनाने ४० किलोपास्कल इकडचे तिकडे केले. मी आकड्यांची दशांश स्थळं वाढवली, सगळे सहगुणक पुन्हा उतरवले. १०० ला उत्तर आलं १००.७. आलेखावर आर-वर्ग, म्हणजे रेषा बिंदूंना किती जुळते ते सांगणारा आकडा, ०.९९९६ होता; पूर्ण जुळली तर १. त्याहून जास्त कोणी काय मागायचं? मी पॅनेल बंद केलं, नानांच्या खोलीवर बसवलं आणि दुसऱ्या कामाला लागलो.

नानांनी फणी हातात दिली त्या संध्याकाळी मी घरी न जाता सरांकडे गेलो. सर आम्हाला उष्मागतिकी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. मी वही पुढे केली. त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. वहीत उभी रेघ मारली आणि म्हणाले, "प्रत्येक तापमानाला तुझं उत्तर आणि कोष्टकातलं उत्तर लिही. आणि फरक टक्क्यांत काढ. किलोपास्कलमध्ये नाही, टक्क्यांत."

मी वरून खाली लिहीत गेलो. १०० ला पाऊण टक्का कमी. ८० ला दीड टक्का जास्त. ५० ला साडेपाच टक्के कमी. ३० ला चार टक्के जास्त. इथपर्यंत हात सरळ चालत होता. २० ला २९ टक्के जास्त. १० ला ५१ टक्के जास्त. आणि ० अंशाला माझ्या सूत्राने दाब दिला उणे ०.०५ किलोपास्कल.

दाब शून्याखाली. पाण्याच्या वाफेचा दाब उणे असू शकत नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. ते सूत्र मी केळीच्या खोलीत लावलं होतं, आणि खोली तर १६ ते १८ अंशांवरच चालते. उकळत्या पाण्यावर तपासून मी निर्धास्त झालो होतो. जिथे वापरायचं होतं तिथे एकदाही तपासलं नव्हतं.

असं का झालं, ते सरांनी समजावलं. स्प्रेडशीट ट्रेंडलाइन काढायला किमान वर्ग पद्धत वापरते. ती प्रत्येक बिंदूवरचा फरक घेते, त्याचा वर्ग करते आणि बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा निवडते. तिला १०० अंशांवरचा पाऊण किलोपास्कल आणि १० अंशांवरचा पाऊण किलोपास्कल सारखाच. पण १०० ला एकूण दाब १०१ आहे आणि १० ला सव्वा. वरच्या टोकाला सांभाळताना तिने खालचं टोक वाऱ्यावर सोडलं, आणि तिच्या हिशेबात ते बरोबरच होतं. आर-वर्ग हाही त्याच हिशेबाचा. त्याला खालची दुरवस्था दिसतच नाही.

मग मी नानांच्या खोलीतला त्या दिवसाचा आकडा पुन्हा मांडला. कोरडा १८, ओला १६. खरा दाब १६ ला १.८१९ आणि १८ ला २.०६५. माझ्या सूत्राने दिले होते २.५८६ आणि २.८०५. दोन्ही ३६ ते ४२ टक्क्यांनी फुगलेले. खऱ्या आकड्यांनी आर्द्रता येते ८२ टक्के, माझ्या आकड्यांनी ८७.५. भागाकारात बरीचशी चूक कटून गेली, म्हणून उत्तर वेडंवाकडं न येता पटण्यासारखं आलं. मला हे सगळ्यात घातक वाटतं. ८२ चे १२० दाखवले असते तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. पाण्याचं धुकं फवारणारा फॉगर ८७ च्या खाली सुरू व्हायचा होता. तो सुरूच झाला नाही आणि तीन दिवस केळी सुकत राहिली.

सरांच्या व्हरांड्यात त्या रात्री दोन तास गेले. त्यांनी आधी मला एक प्रश्न विचारला: "दाब तापमानाबरोबर कसा वाढतो?" मी म्हटलं, भराभर. "भराभर म्हणजे कसा?" मग त्यांनीच क्लॉसियस आणि क्लॅपेरॉन यांचं समीकरण लिहिलं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं, वापरलं कधीच नव्हतं. दाबाचा लघुगणक घ्या, केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त घ्या, आणि दोन्ही एकमेकांसमोर मांडा. वक्र जवळजवळ सरळ होतो.

"करून बघ," म्हणाले. मी १० आणि ३० अंशांचे दोनच बिंदू घेतले, मधून सरळ रेघ ओढली आणि २० अंशांना दाब काढला. २.३३३ आला. कोष्टकात २.३३९. पाव टक्क्याच्या थोडी वर चूक. चार सहगुणकांची बहुपदी जिथे २९ टक्के चुकली तिथे दोन आकड्यांची सरळ रेघ पाव टक्क्यावर आली. मी कॅल्क्युलेटर पुन्हा दाबून पाहिला.

सर थांबले नाहीत. "आता त्या रेघेचा उतार किती?" ५३२५. "त्याला वाफेच्या वायुस्थिरांकाने गुण." ०.४६१५ ने गुणलं, आलं २४५७. त्यांनी कोष्टकातला दुसरा रकाना उघडून माझ्यापुढे सरकवला: २० अंशांना बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता, म्हणजे पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता, किलोग्रॅमला २४५४ किलोज्यूल. मी दाबाचे दोन आकडे घातले होते आणि उष्णता बाहेर आली होती. माझ्या जुन्या बहुपदीतल्या ०.०००१५९९ ला असा काहीच अर्थ नव्हता. तो फक्त वक्र वाकवायला घेतलेला आकडा होता. मला त्या रात्री जे मिळालं ते हेच: सूत्राचा साचा निसर्गाकडून घ्यायचा आणि बहुपदीला फक्त उरलेली किरकोळ दुरुस्ती करू द्यायची.

बहुपदी वाईट असते असा मात्र याचा अर्थ नाही, आणि तसं कोणी म्हटलं तर मी वाद घालीन. सरांनीच मला हवामानशास्त्रातली एक सहाघाती बहुपदी दाखवली. १९७७ ची, लो नावाच्या संशोधकाची. तीही याच बाष्पदाबाची आहे, हेक्टोपास्कलमध्ये, उणे ५० ते अधिक ५० अंशांसाठी. त्या काळी संगणकाला घातांकी फल काढणं महाग पडायचं. बहुपदीला सहा गुणाकार आणि सहा बेरजा पुरतात: आतून बाहेर कंस सोडवत यायचं, वेगवेगळे घात काढायचेच नाहीत. मी २० अंश घालून पाहिले, २३.३७ आले, म्हणजे २.३३७ किलोपास्कल. तिचा पहिला सहगुणक ६.१०७७९९९६१ असा लिहिलेला आहे, दहा अंकी. शेवटचा दशांश चिन्हानंतर दहा शून्यं टाकून सुरू होतो, पण त्याचेही अंक दहाच्या दहा दिलेले आहेत. माझा ०.०००२ आठवून मला मनापासून वाईट वाटलं. त्या माणसाने आपल्या आकड्यांची किती काळजी घेतली होती!

मग बोलणं ज्वलनाच्या गणिताकडे वळलं. सरांचा आवडता विषय. वायूंचे उष्णतेचे गुणधर्म काढायच्या नासाच्या पद्धतीत एकेका वायूला सात सहगुणकांचे दोन संच असतात, सहसा १००० केल्विनला जोडलेले. पहिले पाच विशिष्ट उष्णतेची चौघाती बहुपदी देतात. तिचं संकलन केलं की एन्थाल्पी, म्हणजे वायूतल्या ऊर्जेचा हिशेब, मिळते. तापमानाने भागून संकलन केलं की एन्ट्रॉपी, म्हणजे ती ऊर्जा किती विखुरली त्याचं माप. सहावा आणि सातवा सहगुणक म्हणजे या दोन संकलनांचे स्थिरांक. तीन गुणधर्मांना तीन वेगळ्या बहुपदी बसवल्या असत्या तर प्रत्येक आपापल्या जागी छान दिसली असती, पण एकमेकींशी जुळली नसती, आणि समतोलाचं गणित करणारा प्रोग्रॅम कुठेतरी अडकला असता. १००० केल्विनच्या सांध्यावर दोन्ही तुकडे नीट जुळले नाहीत तरी तेच: उत्तर शोधताना प्रोग्रॅम सांध्याच्या इकडून तिकडे उड्या मारत बसतो. केळीच्या खोलीला यातलं काही लागत नाही. पण मला हे ऐकताना फार बरं वाटलं, कारण कॉलेजात आम्ही या सहगुणकांच्या फाइल नुसत्या चिकटवायचो. सातवा आकडा काय आहे हे कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

घरी आल्यावर नवं सूत्र बसवायला घेतलं. पल्ला आधी ठरवला: ० ते ५० अंश. खोली १८ वर चालते, पण वीज गेली आणि दार उघडं राहिलं तर मे महिन्यात आतही ४० होऊ शकतात. दाबाचा लघुगणक, आणि चल म्हणून १००० भागिले केल्विन तापमान, म्हणजे आकडे ३ ते ३.७ च्या दरम्यान राहतात. नुसतं तापमान आणि त्याचे घात घेतले की एक पद लाखात आणि दुसरं दशांशात जातं. माझा कंट्रोलर एटीमेगा ३२८ चिपचा आहे, त्यात दशांश आकड्याला ३२ बिट मिळतात, म्हणजे जेमतेम सात अंक भरवशाचे. प्रोग्रॅममध्ये 'डबल', म्हणजे दुप्पट जागेचा आकडा, असं लिहिलं तरी त्या चिपवर तेवढेच. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून छोटं उत्तर काढायचं काम तिला देऊ नये.

सरळ रेघेला एक वर्गपद जोडलं आणि ०, २५ आणि ५० या तीन बिंदूंतून वक्र नेला. मग जे बिंदू वापरले नव्हते त्यांच्यावर तपासलं, हे सरांनी दोनदा बजावलं होतं. ज्या बिंदूंवरून सूत्र बनवलं तिथे ते बरोबर येणारच, त्यात कौतुक नाही. १० ला १.२२८५, कोष्टकात १.२२८२. ४० ला ७.३८३०, कोष्टकात ७.३८५१. १७ ला १.९३८७, कोष्टकात १.९३८४. चूक सगळीकडे ०.०३ टक्क्याच्या आसपास. रात्रीचे दीड वाजले होते. बायको उठून बघून गेली.

दुसऱ्या दिवशी सावद्याला जाताना वाटेत एक शंका मनात आली, आणि बरं झालं आली. सूत्र ०.०३ टक्क्यावर आणलं, पण तापमापकांचं काय? माझे सेन्सर डीएस१८बी२० आहेत. अर्धा अंश इकडेतिकडे चालेल असं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. कोरडा १८ आणि ओला १७ असेल तर आर्द्रता ९०.७ टक्के. ओला साडेसतरा असेल तर ९५.३. म्हणजे अर्ध्या अंशाला साडेचार टक्के! एका सेन्सरची चूक वर आणि दुसऱ्याची खाली असली तर सगळी मेहनत पाण्यात.

नानांच्या ओट्यावर मी बर्फ फोडून पातेल्यात पाणी-बर्फाचा काला केला, दोन्ही सेन्सर एकत्र बांधून आत सोडले आणि ढवळत बसलो. एकाने ०.१९ दाखवलं, दुसऱ्याने उणे ०.१२. फरक लिहून घेतला. मग १८ अंशांच्या पाण्यात तेच केलं, फरक जवळजवळ तेवढाच आला. ती दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये घातली. वातही बदलली. जुनी वात बोअरच्या पाण्याने पांढरी, कडक झाली होती. आपल्याकडचं पाणी जड, क्षार वातीत साचतात आणि वात पाणी ओढेनाशी होते, मग ओला तापमापक कोरड्यासारखाच वागतो. आता नानांचा मुलगा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणून ठेवतो.

नवा प्रोग्रॅम चढवला आणि खोली सुरू केली. पॅनेलवर ८१ आलं. फॉगर लगेच घुर्रघुर्र करत सुरू झाला. नाना खुर्ची ओढून पॅनेलसमोर बसले. अर्ध्या तासात आकडा ९२ वर स्थिरावला. ते उठले, आत जाऊन एका फणीवरून हात फिरवून आले. "आता दोघं एकच बोलून राहिले," म्हणाले.

प्रोग्रॅमच्या वर मी आता चार ओळी लिहितो: पल्ला किती, एकक कोणतं, कोणत्या बिंदूंवर तपासलं आणि तिथे काय यायला हवं. पल्ल्याबाहेरचं तापमान आलं तर सूत्र चालवायचंच नाही, 'सेन्सर तपासा' दाखवायचं. पल्ल्याबाहेर बहुपदी कुठे जाईल याचा नेम नसतो. एखादी तार निसटली की प्रोग्रॅममध्ये याच सेन्सरचा आकडा उणे १२७ येतो. त्यावर हिशेब करून आलेल्या आर्द्रतेने फॉगर चालवायचा का?

या आठवड्यात अमोनियाचं काम हाती आहे. एका शीतगृहात थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. तिथे पॅनेलवर संघनकाचा, म्हणजे अमोनियाच्या वायूचा पुन्हा द्रव करणाऱ्या भागाचा, दाब वाचून त्याचं संपृक्त तापमान (त्या दाबाला अमोनिया ज्या तापमानाला उकळतो ते) दाखवायचं आहे. मी तेच केलं: उणे १० अंशांना २.९१ बार, ४० ला १५.५५ बार, लघुगणक, व्यस्त तापमान, सरळ रेघ. १० अंशांना ६.१० बार आले, कोष्टकात ६.१५. पाऊण टक्का चूक, पल्ला मोठा आहे, वर्गपद लागणार. मग हौसेने उताराला अमोनियाच्या वायुस्थिरांकाने गुणलं आणि अप्रकट उष्णता काढली. १३४९ आली. कोष्टकात १० अंशांना १२२६ आहे. दहा टक्के जास्त.

सरांना फोन केला. म्हणाले, "पाण्याची वाफ १८ अंशांना दोन किलोपास्कलवर असते, विरळ. अमोनिया सहा बारवर आहे. तो आदर्श वायूसारखा कसा वागेल? दाब गुणिले आकारमान काढ आणि त्याला वायुस्थिरांक गुणिले तापमान याने भागून बघ." काढलं. आदर्श वायूच्या मानाने ०.९१ आलं. १३४९ ला त्याने गुणलं तर १२३० च्या आसपास येतात. वहीत त्या पानावर वर तारीख घातली आहे आणि उरलेल्या चार किलोज्यूलचा हिशेब लावायला रविवारी सरांकडे जायचं आहे.